'नावाचा', 'म्हणतात' आणि 'ऊर्फ' : इंग्रजीतून डॅनिशमध्ये नावे नेताना

भाषाविषयक प्रश्नोत्तरे

डॅनिश शिकणाऱ्या आणि इंग्रजी मजकूर डॅनिशमध्ये नेण्याचे काम करणाऱ्या काही वाचकांचे प्रश्न या अंकासाठी निवडले आहेत. प्रश्न वेगवेगळ्या गावांहून आले असले, तरी ते एकाच ठिकाणी येऊन अडतात : इंग्रजीत 'कॉल्ड', 'नेम्ड', 'नोन अ‍ॅज' अशा दोनतीन शब्दांवर जे भागते, त्यासाठी डॅनिशमध्ये नेमका कोणता शब्द घ्यायचा? डॅनिश शब्द येथे स्पेलिंगनुसार न देता उच्चाराच्या जवळ जातील अशा देवनागरीत दिले आहेत. 'हेदर'सारख्या शब्दांतला 'द' आपला नव्हे. जिभेचे टोक खालच्या दातांमागे टेकवून, जीभ वर न लावता तो काढतात, आणि नव्या कानाला तो बहुतेक वेळा 'ल'सारखा ऐकू येतो.

प्रश्न : मी पुण्यात एका भाषांतर कंपनीसाठी काम करते. 'अ मॅन नेम्ड येन्स', 'अ टाउन कॉल्ड रीबे' अशा इंग्रजी रचना डॅनिशमध्ये नेताना मी 'कॅल्ट' हे रूप वापरले. तपासनिसांनी ते जवळजवळ प्रत्येक ठिकाणी बदलले. कारण मात्र लिहिले नाही. 'कॅले' म्हणजे हाक मारणे, संबोधणे, नाव देणे असे शब्दकोशात स्पष्ट दिले असताना चूक कुठे झाली?

उत्तर : शब्दकोशाची चूक नाही आणि व्याकरणदृष्ट्या आपलीही नाही. चूक झाली ती इंग्रजी 'कॉल्ड' समोर ठेवून डॅनिश शब्द शोधण्यात. इंग्रजीतले हे रूप दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच पोटात घेते : एखाद्याचे नाव अमुक आहे, आणि एखाद्याला लोक अमुक म्हणतात. डॅनिश भाषा या दोहोंमध्ये भिंत घालते. नाव असणे यासाठी तिच्याकडे 'हेदे' हे स्वतंत्र क्रियापद आहे. 'याय हेदर येन्स' म्हणजे 'माझे नाव येन्स'. नाव देणे, म्हणणे, हाक मारणे यासाठी 'कॅले' आहे. 'एन मॅन कॅल्ट येन्स' असे लिहिले की डॅनिश वाचकाला ते इंग्रजीवरून उचललेले वाटते, आणि त्याच क्रियापदाचे दुसरे रूप घेऊन 'कॅलेद येन्स' केले तर या माणसाचे खरे नाव दुसरेच असून त्याला येन्स म्हणतात की काय, अशी शंका येते.

माझा सल्ला असा की इंग्रजी शब्द क्षणभर बाजूला ठेवून तेच वाक्य आधी मराठीत करून पाहावे, कारण ही भिंत मराठीतही आहे. 'येन्स नावाचा माणूस' असे मराठी झाले, तर डॅनिशमध्ये 'एन मॅन वे नाउन येन्स', म्हणजे शब्दशः 'नावाने येन्स असा माणूस'. ज्यांनी शाळेत संस्कृत घेतले असेल त्यांना 'नलो नाम राजा' ही रचना आठवेल; 'वे नाउन' तिच्या अगदी शेजारचे आहे. बोलण्यात किंवा साध्या लेखनात 'एन मॅन, डेर हेदर येन्स', म्हणजे 'ज्याचे नाव येन्स आहे असा माणूस', ही रचना अधिक चालते. गावालाही तेच लागू : 'एन ब्यू, डेर हेदर रीबे'. उलट मराठीत 'म्हणतात' हा शब्द आला, तर डॅनिशमध्ये 'कॅले'ची रूपे घ्यावीत. ऑरहूस शहराला 'हास्याचे शहर' म्हणतात. येथे 'ऑरहूस कॅलेस स्मीलेत्स ब्यू' हेच बरोबर, कारण ते शहराचे नाव नाही, त्याला लावलेले विशेषण आहे.

'कॅलेस' आणि 'ब्लिर कॅल्ट' या दोन कर्मणी रूपांतही फरक आहे, आणि आपल्या तपासनिसांनी काही ठिकाणी बहुधा तोच सुधारला असावा. सर्वसाधारण विधान, व्याख्या, परिभाषा यांसाठी 'कॅलेस' शोभते : 'या भागाला अमुक म्हणतात'. विशिष्ट माणसाला विशिष्ट लोक प्रत्यक्ष अमुक म्हणत असतील, तर 'ब्लिर कॅल्ट' अधिक नैसर्गिक वाटते. यंत्राच्या माहितीपुस्तिकेत पहिले आणि कथेतल्या मुलाच्या शाळेतल्या नावासाठी दुसरे, एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ काम होते.

एका ठिकाणी मात्र मराठीचा हा आधार कामी येत नाही, कारण 'हेदे'ला जोडीचे क्रियापद मराठीत नाही. आपण 'नाव' हे नाम आणून 'आहे' लावतो. त्यामुळे मराठी माणूस डॅनिश बोलताना 'मिट नाउन एर' असे सुरू करतो. ते चुकीचे नाही, पण औपचारिक वाटते. सभेत ओळख करून देताना चालेल, शेजाऱ्याशी बोलताना 'याय हेदर' म्हणावे. शिवाय 'हेदे' माणसांपुरते नाही. पुस्तकाचे, रस्त्याचे, दुकानाचे नाव सांगताना तेच येते, आणि 'झाडाला डॅनिशमध्ये काय म्हणतात?' या प्रश्नातही 'म्हणतात'ला भुलून 'कॅले' न घेता 'व्हॅ हेदर झाड पो डॅन्स्क?' असेच विचारावे. त्यापुढची पायरी अशी की 'हेदर'चा अर्थ 'असे म्हणणे शुद्ध आहे' असाही होतो. नव्या शिकणाऱ्याने घराला 'एन हूस' म्हटले की समोरचा डॅनिश माणूस 'डे हेदर इट हूस' म्हणून लिंग ('एन' नव्हे, 'इट' हे उपपद) सुधारून देतो. तेव्हा घराचे नाव सांगितले असे समजू नये.

प्रश्न : एका कंपनीच्या वार्तापत्रातील 'ही वॉज नेम्ड चेअरमन' या वाक्यासाठी योग्य डॅनिश काय?

उत्तर : या वाक्यावर मी स्वतः एकदा आपटलो आहे. सुरुवातीच्या काळात मी त्याचे 'हॅन ब्लेउ कॅल्ट फॉरमॅन' असे करून पाठवले होते. मजकूर परत आला तेव्हा त्या ओळीखाली लाल रेघ आणि समासात एक प्रश्नचिन्ह होते. मी लिहिलेल्या वाक्याचा अर्थ 'लोक त्याला अध्यक्ष म्हणत' असा होत होता. म्हणजे गल्लीत एखाद्याला सगळे 'साहेब' म्हणतात, तसा.

येथे मराठीत 'नेमले' किंवा 'निवडले' येईल, आणि डॅनिशमध्येही तीच दोन क्रियापदे आहेत. वरून नेमणूक झाली असेल तर 'उदनेउन्ट टिल', सभासदांनी मत देऊन निवडले असेल तर 'वॅल्ट टिल'. मंत्री नेमले जातात, म्हणून ते 'उदनेउन्ट'. संस्थेचा अध्यक्ष बहुधा निवडून येतो, म्हणून तो 'वॅल्ट'. इंग्रजी 'नेम्ड' हा फरक झाकून ठेवते, त्यामुळे अध्यक्ष कसा झाला हे मूळ मजकुरात पुढेमागे शोधावे लागते आणि सापडले नाही तर ग्राहकाला विचारावे लागते. विचारण्यात कमीपणा नाही. त्याच 'नेम्ड'चा आणखी एक अर्थ 'उल्लेख केलेला' असा आहे. करारनाम्यातील 'वर नाव दिलेला पक्ष' यासाठी डॅनिशमध्ये 'नेउन्ट' हे रूप लागते, आणि 'वर उल्लेखिलेला' यासाठी 'ओउन्‌नेउन्ट' हा तयार शब्द आहे.

प्रश्न : 'सो-कॉल्ड'साठी डॅनिशमध्ये 'सॉकॅल्ट' असल्याचे कळले. डॅनिश बातम्यांत तो शब्द इतक्या वेळा येतो की तिथल्या वार्ताहरांना प्रत्येक गोष्टीवर संशय आहे असे वाटू लागते. तसे आहे का?

उत्तर : नाही. हा या पानावरील सर्वांत फसवा शब्द आहे, कारण तो अक्षरशः जुळतो आणि तरीही अर्थाने सरकतो. इंग्रजी 'सो-कॉल्ड' आज बहुतेक वेळा नाक मुरडून म्हटले जाते. मराठी 'तथाकथित' तर त्याहून पुढे गेला आहे. 'तथाकथित विचारवंत' म्हटल्यावर पुढे काय येणार ते वाचकाला आधीच कळते. डॅनिश 'सॉकॅल्ट' उपरोधाने वापरता येतो, पण त्याचे रोजचे काम साधे आहे : वाचकाला कदाचित माहीत नसलेली संज्ञा पहिल्यांदा येत आहे, एवढे तो सांगतो. घर तापवण्यासाठी 'एन सॉकॅल्ट वार्मेपुम्पे' बसवला असे वाक्य असेल, तर लेखकाला त्या उष्णता-पंपाबद्दल काहीही शंका नाही. 'ज्याला उष्णता-पंप म्हणतात असे यंत्र' एवढाच अर्थ आहे.

म्हणून डॅनिशमधून मराठीत येताना 'तथाकथित' लिहिण्याची सवय सोडावी, आणि इंग्रजीतून डॅनिशमध्ये जाताना मूळ लेखकाचा रोख आधी ठरवावा. इंग्रजीत केवळ संज्ञेची ओळख असेल तर 'सॉकॅल्ट' निर्धास्त वापरावा. इंग्रजीत टोमणा असेल, तर नुसत्या 'सॉकॅल्ट'ने तो डॅनिश वाचकापर्यंत पोहोचेल याची खात्री नसते. अवतरणचिन्हे किंवा वेगळी वाक्यरचना करून तो पोहोचवावा लागतो.

प्रश्न : 'निकनेम'साठी शब्दकोशात तीन-चार शब्द आहेत. कोणता कधी वापरावा? आणि ब्लूटूथ हे कोणाचे टोपणनाव होते हे खरे का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. दहाव्या शतकातील डेन्मार्कचा राजा हाराल्ड याला 'ब्लोटॅन' म्हणत, म्हणजे निळा दात. जेलिंग येथील मोठा शिलालेख त्याने उभारला. डेन्मार्क आणि नॉर्वे आपण जिंकले आणि डेन लोकांना ख्रिस्ती केले, असे तो त्यात सांगतो. वेगवेगळी यंत्रे एका धाग्यात जोडणाऱ्या तंत्राला 1997 मध्ये त्याच्यावरून नाव सुचवले गेले, आणि त्याच्या नावाच्या दोन आद्याक्षरांच्या रून या उत्तर युरोपातील प्राचीन लिपीतील खुणा एकत्र करून ते चिन्ह झाले, जे आपल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर आहे.

आता शब्द. राजाच्या या 'ब्लोटॅन'ला डॅनिशमध्ये 'टिलनाउन' म्हणतात, म्हणजे मूळ नावाला जोडलेले, ओळख पटवणारे नाव. आईने किंवा मित्रांनी लाडाने ठेवलेले ते 'केलनाउन'. आपले बाळ्या, छकुली, पिंटू हे सगळे त्यात बसतात. गुप्त कामासाठी घेतलेले खोटे नाव 'डेकनाउन'. आणि 'ओयनाउन' म्हणजे चिडवण्याचे, हिणवण्याचे नाव. गंमत अशी की इंग्रजी 'निकनेम' आणि डॅनिश 'ओयनाउन' मुळात एकच शब्द आहेत. मध्ययुगीन इंग्रजीत वाढीव नाव या अर्थाचा 'ईक-नेम' होता. त्याच्या आधी येणाऱ्या 'अ‍ॅन' या उपपदातला 'न्' त्याला चिकटला आणि 'निकनेम' झाला. डॅनिश शब्दातही 'वाढवणे' हाच धातू आहे. पण दोन बहिणी वेगळ्या घरी पडाव्यात तसे झाले : इंग्रजीतली बहीण लाडाचीही असते, डॅनिशमधली मात्र बहुतेक वेळा बोचते. व्युत्पत्तीवर विसंबून खेळाडूच्या लाडक्या नावाला 'ओयनाउन' लिहाल, तर त्याचे चाहते रागावतील.

मुले एकमेकांना नावे ठेवतात, या अर्थाच्या इंग्रजी वाक्यासाठीही 'ओयनाउन'चे अनेकवचन योग्य ठरते. येथे मराठीही मजा करते. 'नाव ठेवणे' म्हणजे बारसे आणि 'नावे ठेवणे' म्हणजे दोष काढणे. एका अनुस्वाराचाही नव्हे, केवळ वचनाचा फरक. डॅनिशला असे काही सांगायचे असेल, तर दोन शब्द वेगळे घ्यावे लागतात.

'ऊर्फ'बद्दलही एका वाचकाने विचारले आहे. नावापाठोपाठ रूढ नाव द्यायचे असेल, तर डॅनिशमध्ये 'कॅलेद' हे रूप स्वल्पविरामानंतर येते आणि आपल्या 'ऊर्फ'चे काम चोख करते. 'ऑल्सो नोन अ‍ॅज'साठी 'ऑसे केन्ट सॉम' हा शब्दशः अनुवाद चालतो, पण 'ऑसे कॅलेद' कानाला अधिक डॅनिश वाटते. 'अलियास' हाही शब्द डॅनिशमध्ये आहे. मात्र त्याला पोलीस चौकीचा वास येतो, तो जपून वापरावा.

प्रश्न : आम्ही कामानिमित्त डेन्मार्कमध्ये राहतो. मुलाच्या कागदपत्रांचे भाषांतर करताना मराठी पद्धतीचे वडिलांचे नाव इंग्रजीत 'मिडल नेम' आणि डॅनिशमध्ये 'मेलम्‌नाउन' असे लिहिले गेले, आणि कार्यालयातून प्रश्न आले. 'मिडल नेम' म्हणजेच 'मेलम्‌नाउन' नव्हे का?

उत्तर : दोन्ही शब्दांचा अर्थ 'मधले नाव' असाच आहे, आणि म्हणूनच घोटाळा होतो. इंग्रजीत मधले नाव बहुधा दुसरे पाळण्यातले नाव असते. डॅनिश पद्धतीत मुलाला दोन-तीन पाळण्यातली नावे दिली, तर ती सगळी 'फॉरनाउन'च राहतात, एकामागे एक. 'मेलम्‌नाउन' ही वेगळी जात आहे : ते आडनावाच्या वळणाचे नाव असते, आडनावाच्या आधी उभे राहते, पण स्वतः आडनाव होत नाही.

याचे सर्वांत चांगले उदाहरण डेन्मार्कच्या पंतप्रधानांचे आहे. 1993 ते 2001 पाउल न्यूरुप रासमुसन, 2001 ते 2009 आनर्स फो रासमुसन आणि 2009 ते 2011 लार्स ल्योके रासमुसन. लागोपाठ तीन पंतप्रधान रासमुसन, आणि तिघांचे एकमेकांशी नाते नाही. साहजिकच लोक आणि वृत्तपत्रे त्यांना न्यूरुप, फो आणि ल्योके म्हणत. म्हणजे ओळख मधल्या नावावर चाले. गावात निम्मी घरे पाटलांची असली की आपणही वाडीवरून किंवा बापाच्या नावावरून माणूस ओळखतो, तसेच हे.

रासमुसन, येन्सन, नील्सन, हॅन्सन अशी 'सन'ने संपणारी आडनावे इतकी का, याचे उत्तरही याच प्रश्नात दडले आहे. पूर्वी डेन्मार्कच्या सामान्य लोकांत मुलाच्या नावापुढे बापाचे नाव 'चा मुलगा' या अर्थी लागे. रासमुसचा मुलगा तो रासमुसन, आणि त्याच्या मुलाचे नाव पुढे वेगळे. ते पिढीगणिक बदले, आपल्या मधल्या नावासारखेच. 1828 च्या वटहुकमाने मुलाचे कायमचे घराण्याचे नाव बाप्तिस्म्याच्या वेळीच नोंदवावे असे ठरवले, आणि हळूहळू त्या त्या घरात जे बापाचे नाव चालू होते तेच आडनाव म्हणून गोठले. मूठभर पाळण्यातल्या नावांवरून देशभराची आडनावे तयार झाली. आनर्सन, पेदरसन धरून ही पाच-सहा नावे आजही तिथल्या सर्वाधिक आढळणाऱ्या आडनावांत आहेत. गर्दीतून माणूस वेगळा ओळखण्यासाठी मधल्या नावाची गरज तेथूनच आली.

म्हणून मराठी जन्मदाखला डॅनिशमध्ये नेताना वडिलांच्या नावाला 'मेलम्‌नाउन' म्हणू नये. नाव जसे आहे तसे क्रमाने लिहावे आणि त्यातील दुसरा शब्द वडिलांचे पाळण्यातले नाव आहे असे कंसात किंवा टीपेत एका वाक्यात स्पष्ट करावे. भाषांतरकाराने नावाची वर्गवारी स्वतः ठरवू नये. ते कार्यालयाचे काम आहे. डेन्मार्कचा सध्याचा नावांचा कायदा 1 एप्रिल 2006 पासून लागू आहे, आणि त्यानुसार मूल सहा महिन्यांचे होईपर्यंत त्याचे नाव नोंदवावे लागते. बाराव्या दिवशी पाळणा हलवणाऱ्या आपल्या लोकांना ही मुदत फारच ऐसपैस वाटेल. नोंदणी बहुतेक देशात चर्चच्या कार्यालयामार्फत होते, मग कुटुंब कोणत्याही धर्माचे असो. दक्षिण युटलंडमध्ये मात्र ती नगरपालिकेकडे आहे.

याच अनुषंगाने एक सूचना. आपल्याकडील बारशाचे वर्णन करताना 'ड्योप्ट' हे क्रियापद टाळावे, कारण त्याचा मूळ अर्थ बाप्तिस्मा देणे असा आहे. जहाजाला किंवा कुत्र्यालाही ते लाक्षणिक अर्थाने चालते, पण हिंदू घरातल्या बाळासाठी ते गैरसमज करून देईल. 'फिक नाउनेद', म्हणजे 'त्याला हे नाव मिळाले', ही साधी रचना कुठेही खटकत नाही.

प्रश्न : 'नेम्ड आफ्टर'साठी काय वापरावे? मी 'आजोबांचे नाव ठेवले' असे वाक्य शोधत आहे.

उत्तर : 'ऑपकॅल्ट एफ्टर'. 'हॅन एर ऑपकॅल्ट एफ्टर सिन फाफा' म्हणजे त्याला त्याच्या आजोबांचे नाव ठेवले आहे. आजोबा कोणते, हे डॅनिशमध्ये सांगावेच लागते : 'फाफा' म्हणजे बापाचा बाप आणि 'मॉफा' म्हणजे आईचा बाप. इंग्रजी 'ग्रँडफादर' येथे अपुरे पडते. मूळ मजकुरात खुलासा नसेल, तर पुन्हा विचारणे आले. आजोबा हयात नसतील, तर त्यांचे नाव सांगताना 'हेदर'ऐवजी 'हेद' हे भूतकाळी रूप येते, हेही लक्षात असू द्यावे.

भारताशी जोडलेले याचे सुरेख उदाहरण बंगालमध्ये आहे. हुगळीच्या काठावरील श्रीरामपूर येथे 1755 मध्ये डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांनी वसाहत केली आणि आपल्या राजावरून, पाचव्या फ्रेदरिकवरून, तिला 'फ्रेदरिक्सनगर' असे नाव दिले. नाव नीट पाहावे : राजाचे नाव, मग डॅनिश षष्ठीचा 'स', आणि मग आपला 'नगर'. तामिळनाडूतील तरंगंबाडी या त्यांच्या दुसऱ्या ठाण्याला मात्र त्यांनी नवे नाव दिले नाही. तेच नाव त्यांच्या जिभेवर 'ट्रांकेबार' झाले. दोन्ही ठाणी 1845 मध्ये इंग्रजांना विकली गेली.

राजाच्या क्रमांकाबद्दलही सांगून टाकतो. मराठीत आपण क्रमांक आधी घेतो : दुसरा बाजीराव, पाचवा जॉर्ज. डॅनिशमध्ये तो नंतर आणि उपपदासह येतो, 'फ्रेदरिक डेन फेम्टे'. लिहिताना आकडा वापरला तर आकड्यानंतर टिंब द्यावे, नाहीतर क्रमवाचक अर्थ निघत नाही.

प्रश्न : 'द सिटी ऑफ कोपनहेगन' यातील 'ऑफ' डॅनिशमध्ये कसा आणावा?

उत्तर : आणू नये. नाव आणि ज्याचे नाव ते, या दोहोंमध्ये इंग्रजी जो 'ऑफ' घालते, त्याची डॅनिशला गरज नाही. शहर ते 'ब्यूएन क्योबेनहाउन', बेट ते 'ओएन फ्यून', राज्य ते 'कोंगेरीयद डॅनमार्क'. मराठी माणसाला हे सोपे जावे, कारण आपणही 'पुणे शहर' म्हणतो, 'पुण्याचे शहर' म्हणत नाही. फक्त क्रम उलटा : आपल्याकडे नाव आधी, त्यांच्याकडे शहर आधी. महिन्यांच्या बाबतीत मात्र ते आपल्यासारखे वागतात. 'द मंथ ऑफ मे' म्हणजे 'माय मोनद', जसा आपला 'मे महिना'. आणि नगरपालिका, चर्च, विद्यापीठ अशा संस्थांच्या नावातही नाव आधी येते.

विद्यापीठांपाशी एक खड्डा आहे. राजधानीतले 1479 मध्ये स्थापन झालेले विद्यापीठ 'क्योबेनहाउन्स युनिवर्सितेत' आहे, षष्ठीच्या 'स'सह. पण रॉस्किले आणि ऑल्बॉर येथील विद्यापीठांच्या नावात तो 'स' नाही. याला नियम लावत बसू नये. संस्थेने स्वतः जे नाव घेतले आहे ते तिच्या अधिकृत कागदावर पाहून तसेच लिहावे.

प्रश्न : 'टु बी ऑन फर्स्ट-नेम टर्म्स' या वाक्प्रचाराला डॅनिश पर्याय आहे का?

उत्तर : आहे, आणि तो इंग्रजीपेक्षा मराठीला जवळचा आहे. डॅनिश माणूस 'व्हेरे दूस' म्हणतो, म्हणजे एकमेकांना 'डू' म्हणण्याइतके जवळ असणे. 'डू' म्हणजे तू आणि 'डी' म्हणजे आपण. आपले 'अरे-तुरेवर येणे' हेच ते. पूर्वी दोघांनी मिळून पेला उचलून 'दूस' व्हायचे, म्हणून 'ड्रिके दूस' हा वाक्प्रचारही आहे.

आजच्या डेन्मार्कमध्ये मात्र जवळजवळ सगळेच सगळ्यांना 'डू' म्हणतात. विद्यार्थी शिक्षकाला पहिल्या नावाने हाक मारतो, आणि कार्यालयात वरिष्ठालाही तेच. मराठी घरात वाढलेल्या माणसाची जीभ तेथे पहिले काही महिने अडते. सर, मॅडम, काका, ताई यांपैकी काहीच लावता येत नाही. म्हणून आधुनिक मजकुरातील 'ते आता एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारू लागले' हे इंग्रजी वाक्य डॅनिशमध्ये शब्दशः नेले, तर वाचक विचारील की त्याआधी ते काय म्हणत होते? अशा ठिकाणी ओळख वाढली, मैत्री झाली, असा अर्थ सांगणारे वाक्य करावे. जुन्या काळातील कथा असेल तरच 'दूस' ठेवावा.

प्रश्न : विवाहित स्त्रीच्या नावापुढील 'ने' या फ्रेंच-इंग्रजी शब्दासाठी?

उत्तर : डॅनिशमध्ये 'फ्योट', म्हणजे 'जन्मलेली', त्यानंतर केवळ माहेरचे आडनाव. कारेन ब्लिक्सन या लेखिकेचे माहेरचे आडनाव दिनेसन. म्हणून 'कारेन ब्लिक्सन, फ्योट दिनेसन'. इंग्रजी वाचकांपुढे त्या आयसाक दिनेसन या नावाने आल्या. म्हणजे लेखनासाठी पुरुषाचे पहिले नाव आणि माहेरचे आडनाव. मराठीत आपण 'पूर्वाश्रमीच्या' असे लिहितो ते मला कधी पटलेले नाही. लग्न म्हणजे संन्यास नव्हे. 'माहेरच्या दिनेसन' हे अधिक सरळ आहे.

प्रश्न : मुलांसाठीच्या एका इंग्रजी पुस्तिकेत 'हान्स ख्रिश्चन अँडरसन' असे नाव आहे. डॅनिश भाषांतरात ते तसेच ठेवावे का?

उत्तर : ठेवू नये. 1805 मध्ये ओदेन्स गावात जन्मलेल्या या कथाकाराला त्याच्या देशात कोणी पूर्ण नावाने ओळखत नाही. तेथे तो आद्याक्षरांनीच 'हो से आनर्सन' आहे, लिहिण्यातही आणि बोलण्यातही. पूर्ण नाव छापले तर चूक होणार नाही, पण पुस्तिका परदेशातून आली हे पहिल्याच ओळीत कळेल. चरित्रात्मक टिपणात जन्माची नोंद देताना पूर्ण नाव एकदा द्यावे, आणि पुढे सर्वत्र आद्याक्षरे.